गाऊनला पदर

जुनं कापड खोटं बोलत नाही, ते आणणारी बाई बोलते. ‘एकदाच नेसलेय हो मावशी, कपाटातच पडून होती,’ असं म्हणत ती साडी माझ्यापुढे टाकते. मी साडी उलगडून ट्यूबलाइटसमोर धरते. बसायच्या जागी कापड विरलेलं असतं, टाचेशी काठ झिजलेला असतो आणि डाव्या खांद्याशी सेफ्टीपिनची पंधरा-वीस भोकं असतात. एकदा नेसलेल्या साडीला वीस वेळा पिन लावली असेल, तर लावली बाई. खडूने भोकांभोवती गोल करते आणि माप घ्यायला टेप काढते.

जुईनगरला स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात मी तीस वर्षं शिवणकाम केलं. आधी पाटीवर नुसतं ‘ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको’ होतं. ‘जुन्या साडीचे नवे ड्रेस शिवून मिळतील’ ही ओळ नंतर आली, आणि मग दुकान त्या ओळीवरच चाललं. आता गुडघ्यांनी मशीन सोडायला लावलंय. दुकान फरीदा बघते. ती उरणकडची, कोकणी मुसलमान. वीस वर्षांपूर्वी काज-बटणं करायला म्हणून माझ्याकडे आली आणि हळूहळू माझ्याहून सफाईने शिवायला लागली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दुपारी जाऊन खुर्चीत बसते आणि तिच्या कामात खोड काढते.

जुन्याचं नवं करणं सोपं असतं, असं लोकांना वाटतं. कापड घरचंच, त्यात काय एवढं? खरं तर नव्या कापडाला कुणाच्या अंगाची सवय नसते. ताग्यातून येतं, कापाल तसं कापलं जातं. जुन्या साडीला सवय असते. एकाच बाईने वर्षानुवर्षं नेसली की ती एका अंगाला ओढली जाते, टेबलावर कितीही नीट पसरली तरी सरळ पडत नाही. म्हणून आधी ती पाण्यात घालायची, सावलीत वाळवायची, इस्त्री करायची आणि मग चिमटीत धरून जागोजागी ओढून बघायची. चर्र आवाज आला की ती जागा गेली. रेशमी साडी तर घडीवर मोडते. वरून नवीकोरी दिसते, पण कात्री लागली की घडी-घडीवर फाटत जाते. सगळ्यात धड असतं ते कमरेशी खोचलेलं आतलं टोक, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. समोरचा भाग तिथून काढायचा, बाह्या जिथून निघतील तिथून.

आणि खराब असेल ते सगळ्यात आधी कापून बाजूला करायचं, हा पहिला नियम. खराबात पहिला नंबर पदराच्या टोकाचा. बायका त्याला हात पुसतात, तोंड पुसतात, पोराचं नाक पुसतात, गरम पातेलं धरतात. साडी उलगडली की मी न बघता ते टोक वीतभर कापायची. कात्रीला सवयच झाली होती. सगळ्या चिंध्या दाराशी एका गोणीत जायच्या आणि गोणी भरली की शेजारच्या स्कूटर गॅरेजवाल्याला.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात. ऐरोलीच्या आयटी कंपनीतली एक मुलगी आईची लग्नातली जरीची साडी घेऊन आली. फोनमध्ये फोटो होता. पाठ कमरेपर्यंत उघडी, खाली घोळच घोळ.

“मावशी, सेम असा.”

“बाळा, हा फोटो नव्या कापडाचा आहे,” मी म्हटलं. “आणि उपाशी मुलीचा आहे.”

हसली, पण हट्ट सोडेना. वर तिला दोन्ही बाजूंना खिसे हवे होते, फोन मावेल असे. तीस वर्षांच्या रेशमाला फोन लटकवला तर पहिल्याच जिन्यावर ड्रेस उभा चिरला असता. पाठ मी बंद केली, त्यावर तिचा दोन दिवस रुसवा झाला. खिसे मात्र दिले. जाड सुती कापडाचे शिवले आणि आतून कमरेच्या पट्टीला टांगले, म्हणजे सगळा भार पट्टीवर आणि रेशमाला पत्ताही नाही. ऑफिसच्या दिवाळीत ती तो ड्रेस घालून नाचली म्हणे, फोनसकट. त्या खिशांचा मला अजून अभिमान आहे.

सगळंच काही अभिमानाचं नाही. एकदा एक सून मोरपंखी साडी देऊन गेली. ड्रेस तयार होऊन दुकानात लटकत होता आणि तिची सासू ब्लाउजचं माप द्यायला आली. ड्रेसकडे बघून म्हणाली, “अगदी अशीच साडी माझ्याकडे आहे. ड्रेस छान झाला हो, मीही आणून देते.” अशीच नाही, तीच आहे, हे मी सांगितलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. त्या घरात पुढे काय झालं मला कळलं नाही, पण दोघी पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. तेव्हापासून साडी हातात घेतली की मी माप घ्यायच्या आधी विचारते, ‘ही कुणाची?’

निराला मी हेच विचारलं होतं.

निरा उरणच्या रस्त्यावरच्या जासई गावची, पंचेचाळिशीची. कंटेनर यार्डाजवळच्या एका कँटीनमध्ये चपात्या करायला जायची. पिशवीतून तिने एक नऊवारी काढली. हिरव्या चौकड्यांची सुती, लाल काठाची, धुऊन धुऊन मऊ पडलेली.

“ही कुणाची?”

“माज्या आयचा लुगरा हाय.”

“आई आहेत?”

“हाय.”

“मग त्यांना विचारलंत का, कापायचं म्हणून?”

“तिला काय इचारू, मावशी? ती मना पन वलकत नाय.”

मी खुर्ची पुढे केली. ती बसली आणि तिने हळूहळू सगळं सांगितलं. आईला दोन वर्षांपासून विसरायला होत होतं. लुगडं नेसवलं की पाय अडकायचा, दोनदा पडली, एकदा कोपर फुटलं. डॉक्टर म्हणाले, गाऊन घाला. बाजारातून चार गाऊन आणले. घातला की दहा मिनिटांत आई तो काढून टाकायची आणि तशीच बाहेर ओट्यावर यायची. घर रस्त्याला लागून. समोरून सारखे ट्रेलर जातात, ड्रायव्हर लोक माना वळवून बघतात. पोरंटोरं हसतात. घरात सांभाळायला दुसरं कोणी नाही, नवरा आणि ती दोघंही कामाला.

“आता मी कामाला जाते तवा भायेरून कडी लावून जाते, मावशी,” ती म्हणाली. “माज्या आयला कोंडून जाते.”

फरीदाचं मशीन थांबलं होतं.

“मना वाटतं, बाजारचा कापड तिला परका लागत आसंल. तिच्याच लुगऱ्याचा गाऊन शिवला तर घालील. शिवाल का? माजी ती कडी तेवढी सुटूदे.”

डोकं चांगलं चालवलं होतं तिने. मी आठ दिवसांत देते म्हटलं आणि पाच दिवसांत दिला.

तो गाऊन मी जीव लावून शिवला. नऊवारीत कापडाला तोटा नसतो. गळा मोकळा, बाह्या सैल, समोरून खालपर्यंत मोठाली तपकिरी बटणं, म्हणजे निराला घालताना ओढाताण नको. खालची पट्टी घोट्याच्या चार बोटं वर, पायात येऊ नये म्हणून. काठ खाली फिरवला. पदराचे लाल पट्टे सगळ्यात देखणे होते, ते आडवे कापून छातीवर आणि बाह्यांना लावले. पदराचं टोक भलतंच चुरगळलेलं होतं. गाठी मारून मारून त्याचा दोरखंड झाला होता, ओली इस्त्री फिरवली तरी सपाट होईना. नेहमीप्रमाणे वीतभर कापलं आणि गोणीत टाकलं.

फरीदाने गाऊन हँगरला लावला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला. “ताई, हा म्हातारीचा गाऊन नाय वाटत. कोणीपण लग्नात घालून जाईल.”

मला बरं वाटलं. मला नेहमीच बरं वाटतं.

आठवड्याने निरा आली. गाऊन घडी करून पिशवीत.

“पंधरा मिन्टं ठेवला,” ती म्हणाली. “तुमचा काय दोष नाय, मावशी. कापडावरून हात फिरवला तिनं. मंग काढला.”

चिडली असती तर मी चार शब्द बोलले असते, दोष दुसरीकडे ढकलला असता. ‘तुमचा दोष नाय’ म्हणाल्यावर काय करणार? ती वळली तेव्हा मी म्हटलं, “थांब. मी घरी येऊन बघते.”

गिऱ्हाइकाच्या घरी जायची माझी पद्धत नाही. टेलरने घरी जायला लागलं की गिऱ्हाईक दुकानात येईनासं होतं. पण रविवारी फरीदाला घेऊन गेले, तिला त्या बाजूच्या वाटा पाठ. रस्त्याच्या कडेने ट्रेलरची रांग लागलेली होती, झाडांची पानं धुळीने पांढरी झालेली. निराचं घर नीटनेटकं होतं, ओट्याला नवी लादी. ती तेव्हाच दुकानातून दूध घेऊन येत होती. आमच्यासमोर तिने दाराची बाहेरची कडी काढली. आमच्याकडे बघितलं नाही.

आई आत खाटेवर चादर लपेटून बसली होती. सुकलेली, काटक बाई. कपाळावर हिरवं गोंदण. आमच्याकडे बघून हसली, कोण म्हणून विचारलं नाही. निराने गाऊन घातला, बटणं लावली. आईने मुकाट्याने घालू दिला. चौकड्यांवरून बोटं फिरवली, काठ चिमटीत धरून बघितला. कापड तिला ओळखू येत होतं, याबद्दल मला शंका नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. निराने आम्हाला चहा दिला, आईच्या हातात बिस्कीट दिलं. मला वाटलं, आज तरी जमलं.

तेवढ्यात निराचा नवरा बाहेरून आला. दारात थांबून खाकरला. भला माणूस, आम्हाला बघून तिथेच चपला काढत उभा राहिला.

आईचा उजवा हात पाठीमागे गेला. पाठीवर काहीतरी शोधून तो रिकामाच पुढे आला. पुन्हा गेला. पुन्हा रिकामा. आपल्याला हे सांगावं लागत नाही. जावई दारात आला, पाठीवरचा पदर ओढून उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायचा आणि टोक हातात धरून बसायचं. साठ-सत्तर वर्षं तिने तेच केलं होतं. डोक्यातलं बाकी सगळं गेलं, पण हाताला तेवढं आठवत होतं. तिसऱ्यांदा हात रिकामा आला तेव्हा तिचा चेहरा बावरला. दोन्ही हातांनी तिने अंग झाकून घेतलं आणि मग घाईघाईने बटणं ओढायला लागली. “माजा लुगरा कोनी नेला? माजा लुगरा दे.”

जावई मान खाली घालून बाहेर निघून गेला.

निरा तिचे हात धरत होती आणि मी कप घेऊन बसले होते. आम्ही सगळे म्हणत होतो, म्हातारी कपडे काढते. ती कपडे घालायला निघाली होती. गाऊन म्हणजे तिच्या लेखी आतला झगा. जावयापुढे, रस्त्यापुढे आपल्याला नुसत्या झग्यावर बसवलंय, असं तिला वाटत होतं. तो काढून लुगडं नेसायला ती निघायची, लुगडं सापडायचं नाही, आणि शोधत शोधत ती ओट्यावर यायची. इतकी लाज असलेल्या बाईला सगळा गाव निर्लज्ज म्हणत होता. आणि पदर होता कुठे, तर मी तो कापून तिच्या छातीवर नक्षीसारखा शिवून टाकला होता.

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी बायकांच्या साड्या कापल्या, पण साडीला हात कुठे कुठे लागतो, हे कधी बघितलं नाही. डाग बघितले, भोकं बघितली.

परत येताना फरीदा रिक्षात म्हणाली, “ताई, पदर लावू या.”

“गाऊनला?”

“मग काय झालं? लोक हसतील, दुसरं काय.”

सोमवारी सकाळी मी गाऊन उसवायला घेतला. आपलंच चांगलं काम ब्लेडने टाका-टाका उसवणं म्हणजे काय, ते शिवणाऱ्यांनाच कळेल. छातीवरचे पट्टे सुटले, बाह्यांचे सुटले. पदराचे चार तुकडे झाले होते. टोक आठवलं तशी गोणीकडे गेले. गोणी रिकामी. गॅरेजवाल्याकडे गेले, त्याने एक डबा पुढे केला.

“यात बघा, मावशी. शुक्रवारच्या चिंध्या सगळ्या यातच हायत.”

सापडलं ते टोक. ऑइलने काळं झालेलं, पण गाठीचा पीळ तसाच होता. मी ते घरी नेऊन तीन वेळा साबणाने, एकदा रॉकेलने धुतलं. काळं गेलं नाही आणि चौथ्या वेळी ते हातातच फाटलं. गेलं ते गेलं. त्याबद्दल मी निराला सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली, “त्या गाठीत ती माज्यासाठी चनं-फुटानं आनायची.” एवढंच म्हणाली. मला तिने थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

उरलेल्या तुकड्यांचा फरीदाने आणि मी मिळून पदर जोडला. जोड दिसू नयेत म्हणून त्यांवर काठाची पट्टी दिली. छातीला साधं चौकड्यांचं कापड लावलं. पदर उजव्या कमरेला एका बटणाने अडकवला, म्हणजे तो बाजूला करून समोरची बटणं लावता येतील. छातीवरून आडवा नेऊन डाव्या खांद्यावर चुण्या घातल्या आणि त्या शिवणीत पक्क्या केल्या, कितीही ओढला तरी खांदा सोडणार नाही अशा. मागे फक्त कमरेपर्यंत सोडला, पायात यायला नको. टोक ओढलं की उजव्या खांद्यावरून हातात येतंय ना, ते मी स्वतः घालून बघितलं. गाऊनवर पदर घेऊन आरशासमोर उभी राहिले. फरीदा हसली नाही.

निरा घेऊन गेली. एक दिवस गेला, दोन गेले. फोन नाही. आपण होऊन विचारायची माझी हिंमत होईना. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे कँटीनमधल्या भांड्यांचा आवाज येत होता.

“मावशी, आज कडी नाय लावली. शेजारची बोलली, आय ओट्यावर बसलीय. पदर घेऊन.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग फरीदाचं मशीन थांबवून तिला सांगितलं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. जुनी साडी आली की अजूनही विचारते, ही कुणाची. पण आता त्याच्या पुढे विचारते, त्या ही नेसून काय काय करायच्या? बायकांना आधी प्रश्न कळत नाही. मग बोलायला लागतात ते थांबत नाहीत. फरीदा म्हणते, अशाने दिवसाला दोनच गिऱ्हाइकं होतील. तसं होतंही. पदराचं टोक मात्र विचारल्याशिवाय आता कोणी कापत नाही, आणि चिंध्यांची गोणी गिऱ्हाईक कपडा घेऊन जाईपर्यंत दुकानातच राहते.

निराने पुढे तसलाच दुसरा गाऊन शिवून घेतला, धुवायला पडल्यावर अडायला नको म्हणून. पाच-सहा महिन्यांनी ती पहिला गाऊन दुरुस्तीला घेऊन आली. समोरची तीन बटणं गायब होती.

“आख्खा घर शोधला,” ती म्हणाली. “खाटेखाली पन नाय. गिळली का काय, असा भ्या वाटला.”

मी गाऊन टेबलावर पसरला. पदराच्या नव्या टोकाला एक गाठ होती, सुपारीएवढी, करकचून मारलेली. पुन्हा तोच पीळ. फरीदाने सवयीने कात्री उचलली. मी तिचा हात धरला आणि जाड सुईच्या टोकाने ती गाठ हळूहळू सैल केली. पाच मिनिटं लागली. आत तिन्ही बटणं होती, एकाला माझा दोरा अजून लोंबत होता.

ती बघितली तशी निरा खुर्चीत बसून रडली. मी रडू दिलं. फरीदाने दुहेरी दोऱ्याने बटणं लावली. मग मी डब्यातून तसलंच एक जास्तीचं बटण काढलं, पदराच्या टोकात ठेवलं आणि गाठ होती तशी घट्ट बांधून दिली.